यादीत नसलेली वाडी आणि कलम ३१

महसूल खात्यातील माझ्या नोकरीचे नऊ पावसाळे सह्याद्रीच्या एका डोंगराळ तालुक्यात, तहसील कार्यालयाच्या नैसर्गिक आपत्ती शाखेत गेले. दर वर्षी १ जूनला नियंत्रण कक्ष चोवीस तास सुरू व्हायचा आणि ३० सप्टेंबरला त्याची नोंदवही बंद व्हायची. त्या चार महिन्यांत निघणाऱ्या प्रत्येक आदेशाच्या माथ्यावर 'वाचा' या शब्दापुढे आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ असे लिहिलेले असे आणि खाली कलम ३०, ३१, ३४ असे आकडे असत. ते आकडे मी शेकडो वेळा लिहिले. त्यांच्यामागचा मजकूर सलगपणे, एक एक कलम समजून घेत वाचला तो मात्र निवृत्तीनंतर. तो वाचल्यावर जे जाणवले, ते येथे सविस्तर लिहीत आहे.

हा कायदा एका वर्षात सुचलेला नाही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले तेव्हा, किंवा ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसर जमीनदोस्त झाला तेव्हा, सरकारकडे शासन निर्णय होते, टंचाईचे जुने नियम होते आणि तळमळीने राबणारी माणसे होती. पण आपत्ती येण्यापूर्वी कोणी काय केलेच पाहिजे, हे सांगणारा कायदा नव्हता. १९९९ मध्ये ओडिशात महाचक्रीवादळ आले. २६ जानेवारी २००१ रोजी भूजचा भूकंप झाला आणि त्यानंतर गुजरातने २००३ मध्ये स्वतःचा आपत्ती व्यवस्थापन कायदा केला. २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली, २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, आणि त्याच वर्षी २३ डिसेंबर रोजी केंद्राच्या अधिनियमाला राष्ट्रपतींची संमती मिळाली. एका गोष्टीचा मात्र महाराष्ट्राने अभिमान बाळगावा असे मला वाटते. १९७२ च्या दुष्काळानंतर आपण रोजगार हमीचा कायदा केला आणि संकटात सापडलेल्या माणसाला मदत हा उपकार नसून त्याचा हक्क आहे, हे विधिमंडळात मान्य केले. २००५ च्या कायद्याकडे मी त्याच नजरेने पाहतो.

कायद्याची रचना तीन पायऱ्यांची आहे. देशपातळीवर पंतप्रधानांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय प्राधिकरण. राज्यात कलम १४ नुसार मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली राज्य आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण आणि कलम २० नुसार मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखाली राज्य कार्यकारी समिती. आणि जिल्ह्यात कलम २५ नुसार जिल्हा प्राधिकरण. करोनाच्या काळात मुख्य सचिवांच्या सहीने निघालेले निर्बंधांचे आदेश लोकांनी मोबाइलवर वाचले असतील. त्या सहीखाली राज्य कार्यकारी समितीचे अध्यक्ष असा जो उल्लेख असे, तो याच कायद्यातून आलेला आहे.

जिल्हा प्राधिकरणावर अध्यक्षांखेरीज जास्तीत जास्त सात सदस्य असतात. जिल्हाधिकारी अध्यक्ष, आणि जिल्हा परिषदेचे अध्यक्ष सहअध्यक्ष. या सहअध्यक्षपदाचे महत्त्व मला फार वाटते, कारण संपूर्ण जिल्हा प्राधिकरणात लोकांनी निवडून दिलेला तेवढा एकच माणूस असतो. बाकी सारे अधिकारी. आपल्याकडे अनेक जिल्हा परिषदांवर २०२२ पासून काही वर्षे प्रशासक होते. निवडणुका लांबल्या म्हणजे रस्ते आणि शाळांची कामे अडतात, एवढेच आपण बोलतो. दरड कोठे कोसळू शकते याचा निर्णय जेथे व्हायचा, त्या बैठकीतील लोकांची खुर्चीही त्या काळात रिकामी होती, याची चर्चा मी कोठे ऐकली नाही.

आता कलम ३१. प्रत्येक जिल्ह्याचा आपत्ती व्यवस्थापन आराखडा असलाच पाहिजे, तो जिल्हा प्राधिकरणाने स्थानिक संस्थांशी विचारविनिमय करून तयार करावा, राज्य प्राधिकरणाने त्याला मान्यता द्यावी आणि दर वर्षी त्याचा आढावा घेऊन तो अद्ययावत करावा, असे ते कलम सांगते. आराखड्यात काय असावे याची जंत्री दिली आहे आणि तिच्यातली पहिलीच बाब म्हणजे जिल्ह्यातील धोकाप्रवण क्षेत्रे. शोध, बचाव, मदत आणि प्रतिसाद हे सगळे त्यानंतर येते. कायदा करणाऱ्यांनी क्रम जाणीवपूर्वक लावला असे मी मानतो, कारण ज्या गावाचे नाव पहिल्या यादीत नाही, त्या गावासाठी पुढच्या कोणत्याही रकान्यात काहीच लिहिले जात नाही. तेथे भूवैज्ञानिक जात नाही, तेथील शाळा निवारा म्हणून निवडली जात नाही, आणि अतिवृष्टीचा इशारा आल्यावर तलाठ्याने रात्री ज्या गावांना फोन करायचे असतात त्यांत तेथील पोलीस पाटलाचा क्रमांक नसतो.

३० जुलै २०१४ रोजी सकाळी आंबेगाव तालुक्यात माळीण गाव डोंगराखाली गाडले गेले. बाहेरच्या जगाला ते कळले नेहमीच्या फेरीवर आलेल्या एसटीच्या चालकामुळे; गाव जेथे असायला हवे होते तेथे त्याला चिखल दिसला. दीडशेहून अधिक माणसे गेली. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी. ठाकर समाजाची ती वाडी डोंगराच्या कुशीत होती, तेथपर्यंत गाडीरस्ता नव्हता, बचावपथकांना भर पावसात चिखलातून पायी चढून जावे लागले, आणि मृत व बेपत्ता मिळून ऐंशीहून अधिक माणसे आपण गमावली. ती वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, असे सरकारनेच त्यानंतर विधानसभेत सांगितले. ते वाक्य ऐकले त्या दिवशी मी माझ्या जुन्या शाखेतल्या फाइली आठवत बराच वेळ बसून होतो.

त्या फाइली कशा तयार होतात, हे मी जवळून पाहिले आहे. एप्रिलच्या शेवटी जिल्ह्याकडून प्रपत्रे येत. तालुक्याने ती पंधरा दिवसांत भरून पाठवायची. त्याच काळात वार्षिक जमाबंदीची कामे, दाखल्यांची गर्दी आणि उन्हाळी टँकरची बिले टेबलावर असत. गेल्या वर्षीची फाइल काढायची, तारीख बदलायची आणि पुढे पाठवायची, ही रीत पडून गेली होती. मी शाखेत आलो त्या पहिल्या वर्षी आराखड्यातल्या पट्टीच्या पोहणाऱ्यांच्या यादीतील प्रत्येक क्रमांकावर फोन लावून पाहिला. चौदा नावे होती. चौथ्या नावाला फोन लावल्यावर एका बाईंनी उचलला आणि त्या म्हणाल्या, "ते जाऊन तीन वर्षं झाली. तुम्ही कोण?" मी माझे नाव आणि कार्यालय सांगितले. त्या काही क्षण गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, "त्यांचं नाव काढून माझ्या मुलाचं घाला. तोही पोहतो." मी यादीत पेनाने दुरुस्ती केली. ती यादी तीन वर्षे वर जात होती, मान्य होत होती आणि परत येत होती.

कायद्यात धोकाप्रवण क्षेत्रांच्या त्या यादीइतकीच मला भावलेली एक व्याख्या आहे. कलम २ मध्ये आपत्ती म्हणजे काय हे सांगताना, नैसर्गिक किंवा मानवनिर्मित कारणाने, अपघाताने अथवा निष्काळजीपणाने झालेली मोठी हानी, इतके म्हणून कायदा थांबत नाही. ती हानी बाधित क्षेत्रातील लोकसमूहाच्या तोंड देण्याच्या क्षमतेपलीकडची असली पाहिजे, असे तो म्हणतो. याचा अर्थ असा की डोंगर किती मोठा कोसळला यावर आपत्ती ठरत नाही, त्याच्या पायथ्याशी राहणाऱ्यांच्या हाताशी काय होते यावर ठरते. ज्या वाडीला रस्ता नाही, मोबाइलचा टॉवर नाही आणि दुसरीकडे जाऊन राहायला जमीन नाही, त्या वाडीची क्षमता मुळातच कमी आहे, आणि ती वाढवणे हेसुद्धा या कायद्याखालील काम आहे. रस्ता मंजूर करताना, घरकुलाची जागा ठरवताना, डोंगर कापताना आपण हा कायदा राबवत आहोत, ही जाणीव त्या त्या खात्यांना असायला हवी. म्हणूनच कलम ४० राज्याच्या प्रत्येक विभागाला स्वतःचा आराखडा करायला सांगते आणि कलम ४१ स्थानिक संस्थांना त्यांची बांधकामे ठरवलेल्या मानकांनुसार होतील हे पाहायला सांगते. महसूल खात्याबाहेर ही दोन कलमे ठाऊक असलेले अधिकारी मला नोकरीत फार थोडे भेटले.

माझ्या नऊ पावसाळ्यांपैकी एक जुलै विसरता येत नाही. रात्री साडेदहाच्या सुमारास एका वाडीच्या पोलीस पाटलांचा फोन आला. "भाऊसाहेब, वरच्या अंगाला भेग पडलीया. दुपारी बोट जात होतं, आता हात जातोय." त्या दिवशी आमच्या मंडळाच्या पर्जन्यमापकावर दोनशेहून अधिक मिलिमीटर पाऊस नोंदला गेला होता. तहसीलदारांनी त्याच रात्री जिल्ह्याशी बोलून आदेश घेतला. धोक्याच्या क्षेत्रात कोणी जाण्यायेण्यावर निर्बंध घालण्याचा अधिकार कलम ३४ जिल्हा प्राधिकरणाला देते, आणि निवाऱ्यासाठी इमारती आधीच हेरून ठेवण्याचे काम कलम ३० मध्ये सांगितले आहे. जिल्हा परिषदेची शाळा हेरलेली होती. तिची किल्ली कोणाकडे असते हेही आराखड्यात लिहिलेले होते, कारण मागच्या वर्षी आम्ही ते आग्रहाने लिहून घेतले होते. पहाटे चारपर्यंत बत्तीस कुटुंबे शाळेत आली. एका म्हातारीने शेळी सोडून यायला नकार दिला, तेव्हा कोतवालाने शेळी खांद्यावर घेतली.

डोंगर कोसळला नाही. अकरा दिवसांनी पाऊस ओसरला, भूवैज्ञानिक पाहणी करून गेले आणि लोक घरी परतले. त्या अकरा दिवसांत भाताची लावणी खोळंबली होती. शाळेतल्या जेवणाचा खर्च निघाला, पण लावणीच्या बुडालेल्या दिवसांसाठी कोणत्याच निकषात रकाना नव्हता, कारण मदतीचे निकष झालेल्या नुकसानीचे असतात. पंचनामा करायला पडलेले घर लागते, वाहून गेलेले शेत लागते, ३३ टक्क्यांहून अधिक पीक गेलेले असावे लागते. वेळीच उठून गेलेल्या माणसाचा पंचनामा होत नाही. पुढच्या वर्षी त्याच वाडीत आम्ही गेलो तेव्हा दोन घरांनी स्पष्ट सांगितले की, यंदा आम्ही हलणार नाही. त्यांना मी दोष देऊ शकलो नाही. जीव वाचवण्यासाठी स्वतःहून हललेल्या कुटुंबाला त्या दिवसांची मजुरी मिळाली पाहिजे, असे माझे तेव्हापासूनचे ठाम मत आहे, आणि हे करण्यासाठी कायदा बदलण्याची गरज नाही. कलम १९ नुसार राज्य प्राधिकरणाने मदतीची किमान मानके ठरवायची असतात. ती राष्ट्रीय मानकांपेक्षा कमी नसावीत एवढीच अट आहे. अधिक देण्यास राज्य मोकळे आहे.

पैशाचा प्रश्न येथेच येतो. कलम ४८ राज्याला दोन वेगळे निधी उभारायला सांगते: एक प्रतिसादासाठी आणि दुसरा सौम्यीकरणासाठी, म्हणजे धोका मुळात कमी करण्यासाठी, आणि जिल्ह्यालाही तसेच दोन. पहिला निधी लगेच रुजला, कारण आपत्तीनंतर मदत वाटण्याची यंत्रणा आपल्याकडे ब्रिटिश काळापासून होती. दुसरा कागदावर राहिला. २०१६ मध्ये, ज्या वर्षी मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले, दुष्काळाच्या प्रश्नावरील स्वराज अभियानाच्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने ११ मे रोजी निकाल दिला. दुष्काळही या कायद्याच्या अर्थाने आपत्तीच आहे, हे न्यायालयाने धरले आणि कायदा होऊन दहा वर्षे उलटली तरी राष्ट्रीय सौम्यीकरण निधी व राष्ट्रीय आराखडा का नाहीत, असा जाब विचारून ते करण्याचे निर्देश दिले. राष्ट्रीय आराखडा पुढच्याच महिन्यात आला. राष्ट्रीय सौम्यीकरण निधी उभा राहायला २०२१ साल उजाडले. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी सर्व राज्यांचा मिळून १,६०,१५३ कोटी रुपयांचा आपत्ती जोखीम निधी सुचवला आणि त्यातले वीस टक्के केवळ सौम्यीकरणासाठी राखले. ज्या कामासाठी कायद्याचे अर्धे अंग आहे, त्याला पैशाचे स्वतंत्र खाते मिळायला पंधरा वर्षांहून अधिक काळ लागला. त्या मधल्या वर्षांत किती डोंगरउतारांवर पाण्याचे चर खोदता आले असते, किती वाड्या सुरक्षित जागी वसवता आल्या असत्या, हा विचार मनातून जात नाही.

न्यायालयाने या कायद्यातील एका शब्दाचे वजन २०२१ मध्ये पुन्हा दाखवून दिले. कलम १२ नुसार राष्ट्रीय प्राधिकरणाने मदतीच्या किमान मानकांची मार्गदर्शक तत्त्वे करायची असतात आणि त्यांत जीवितहानीबद्दलच्या सानुग्रह साहाय्याचा समावेश असतो. करोनाने मृत्यू पावलेल्यांच्या कुटुंबांना असे साहाय्य द्यायचे की नाही, हे सरकारच्या मर्जीवर आहे का, हा प्रश्न होता. न्यायालयाने ३० जूनच्या निकालात सांगितले की कलमातील भाषा बंधनकारक आहे; रक्कम किती ते प्राधिकरणाने ठरवावे, पण साहाय्य टाळता येणार नाही. त्यातून प्रत्येक कुटुंबाला ५०,००० रुपये देण्याचे ठरले. आमच्या तालुक्यात तेव्हा अर्ज तपासणाऱ्या सहकाऱ्यांकडून मी ऐकले आहे की, ती रक्कम घेताना एका विधवा बाईंनी विचारले, "हे कोणी दिलं?" त्यांना कोणी तरी सरकारने दिल्याचे सांगितले. कायद्याने दिले, असे सांगायला हवे होते.

आता उणिवेबद्दल. कायद्याच्या दहाव्या प्रकरणात अपराध आणि शिक्षा आहेत. कलम ५१ नुसार आदेश न मानणाऱ्यास एक वर्षापर्यंत आणि त्यामुळे जीवितहानी झाल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास आहे. मदतीसाठी खोटा दावा करणाऱ्यास, खोटा इशारा पसरवणाऱ्यास शिक्षा आहे. नेमून दिलेले कर्तव्य करण्यास परवानगीशिवाय नकार देणाऱ्या अधिकाऱ्यासही कलम ५६ लागू होते. परंतु आराखडा अद्ययावत केला नाही, किंवा धोक्याच्या जागेची पाहणी न करता गेल्या वर्षीचीच यादी पुढे पाठवली, याला स्वतंत्र अपराध म्हणून कोठेही स्थान नाही. टाळेबंदीत घराबाहेर पडलेल्या मजुरावर या कायद्याखाली गुन्हा नोंदवता आला, आणि यादीत वाडी न घालणाऱ्या साखळीतील कोणाचेही उत्तरदायित्व निश्चित करता येत नाही, ही विषमता मला अस्वस्थ करते. कारकुनाला तुरुंगात टाका असे मी म्हणत नाही. मी स्वतः त्या टेबलावर बसलो आहे. आढावा कोणत्या तारखेला झाला, कोणत्या वाड्यांना कोण प्रत्यक्ष जाऊन आले आणि कोणती नावे का वगळली, हे सहीनिशी प्रसिद्ध करण्याचे बंधन तरी कायद्यात असावे.

२०२५ मध्ये या अधिनियमात मोठी दुरुस्ती झाली. राज्याचा आराखडा आता कार्यकारी समितीऐवजी राज्य प्राधिकरणाने स्वतः करायचा आहे. आपत्तींच्या माहितीचा कायमस्वरूपी संचय राष्ट्रीय आणि राज्य पातळीवर ठेवायचा आहे, आणि त्यात धोक्याच्या नोंदीही यायच्या आहेत. राज्यांना स्वतःचे आपत्ती प्रतिसाद दल उभारण्याची तरतूद झाली. महाराष्ट्रात धुळे आणि नागपूर येथे असे दल आधीपासूनच काम करते. राजधानीच्या आणि महानगरपालिका असलेल्या शहरांसाठी आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली नागरी प्राधिकरणाची सोय करण्यात आली असून, एकोणतीस महानगरपालिका असलेल्या आपल्या राज्याला तिचा उपयोग मोठा आहे. हे सगळे स्वागतार्ह आहे. एका गोष्टीचे मात्र दुःख आहे. मोठ्या आपत्तीत कर्जफेडीत सवलत देण्याची किंवा सवलतीच्या दराने नवे कर्ज देण्याची शिफारस राष्ट्रीय प्राधिकरणाला करता येईल, असे सांगणारे कलम १३ या दुरुस्तीने वगळले. ३० जुलै २०२४ रोजी, माळीणला बरोबर दहा वर्षे झाली त्याच दिवशी, केरळात वायनाडमध्ये दरड कोसळली, आणि तेथील वाचलेल्यांच्या कर्जांचा प्रश्न उच्च न्यायालयात गेला तेव्हा हे वगळलेले कलम चर्चेत आले. माती वाहून गेलेल्या शेतावरचे कर्ज मातीबरोबर वाहून जात नाही. अवर्षण आणि अतिवृष्टी आलटून पालटून सोसणाऱ्या मराठवाड्यातील शेतकऱ्याला त्या कलमाचा कधी थेट लाभ झाला नसेलही, तरी मागणी करायला कायद्यात एक जागा होती. ती आता नाही.

गेल्या मे महिन्यात मी तालुक्याच्या आराखड्याची प्रत मागवली. चौऱ्याहत्तर पानांची आहे. धोकाप्रवण गावांच्या यादीत महसुली गावांची नावे आहेत, वाड्यापाड्यांची बहुतेक नाहीत, आणि डोंगराला चिकटून असतात त्या नेमक्या वाड्याच. मी आणि निवृत्त पोलीस पाटील मिळून तीन शनिवार फिरलो. सात वाड्यांच्या वरच्या अंगाला जुन्या भेगा, कललेली झाडे किंवा नव्याने फुटलेले झरे दिसले. त्यांचे फोटो, सर्व्हे क्रमांक आणि तेथील घरांची संख्या असा तक्ता करून तो कलम ३१ च्या वार्षिक आढाव्याचा उल्लेख करत जिल्हा प्राधिकरणाच्या अध्यक्षांना आणि ग्रामसभेला दिला. ग्रामसभेने ठराव केला. पोहोच मिळाली आहे. सातपैकी दोन वाड्यांची पाहणी झाली असून उरलेल्या पाच वाड्यांची तारीख मी दर सोमवारी फोन करून विचारतो.